एका ओंडक्याचे दोन चोर

धुळवडीच्या सकाळी मुरबाडचे हवालदार अंगणात येऊन उभे राहिले आणि डोक्यावरचं पागोटं काढून त्यांनी घाम पुसायच्या आत अंबूबाईच्या दोन्ही मुलांनी गुन्हा कबूल केला. तोही भांडून.

"ठेकेदाराचा ऐनाचा ओंडका कोणी उचलला?" हवालदारांनी एवढंच विचारलं होतं.

"मी," राघो म्हणाला.

"हा काय उचलतोय! मी," जयराम म्हणाला.

"दादा, चार माणसांत खोटं बोलू नको. दोर कोणाच्या खांद्यावर व्हता?"

"आणि मागून ढकलत कोण व्हता? तुझा सासरा?"

हवालदारांनी आजवर पळणारे चोर पाहिले होते, पाया पडणारे पाहिले होते. चोरीवरून हमरीतुमरीवर आलेले चोर त्यांनी प्रथमच पाहिले. त्यांनी सोबत आलेल्या विठू मुकादमाकडे पाहिलं. विठू ठेकेदाराच्या चाकरीत असला तरी माणूस इथलाच, धसईचा. तो मान खाली घालून अंगठ्याने माती उकरत राहिला. त्याला सगळं ठाऊक होतं.

धसईच्या अलीकडच्या या वाडीची रीतच तशी होती. होळीच्या मधोमध उभं राहायचं खोड विकत आणलेलं चालत नसे, मागून आणलेलंही नाही. ते चोरूनच आणायचं. ज्याचं गेलं त्याने सकाळी दारात येऊन पोटभर शिव्या द्यायच्या आणि मग पोटभर पुरणपोळी खायची. ज्याने आणलं त्याच्या घरी होळीतला मानाचा नारळ जायचा. अंबूबाईचे यजमान नाना होते तोवर हा मान कोणाचा, असा प्रश्नच कधी उठला नाही. नाना गेल्यावरचा हा पहिलाच शिमगा. नारळ रात्रीपासून देवघरात न फोडलेला पडून होता, कारण तो कोणी फोडायचा हे पहाटेपर्यंत ठरलं नव्हतं. जयराम थोरला म्हणून त्याला हवा होता. राघोला हवा होता तो वैशाखात किन्हवलीला नवरदेव म्हणून उभं राहायचं होतं म्हणून. नवऱ्याने एकट्याने ऐनाचं खोड ओढून आणलं ही बातमी वरातीच्या आधी तिथे पोचावी अशी त्याची फार इच्छा होती.

जंगलतोडीचा नवीन ठेकेदार कल्याणकडचा. त्याला रीत कोणी सांगितली नव्हती. तो शिव्या द्यायला आला नाही, सरळ फौजदाराकडे गेला.

"झकास," हवालदार ओसरीच्या कडेला टेकत म्हणाले. "काम सोपं झालं. दोघं बी चला. चोरीला तीन वर्षांपर्यंत सजा हाय."

गोठ्यातल्या गाईने शेपूट आपटल्याचा आवाज आला.

मग राघो खाकरला. "तसं बघायला गेलं तर दादाच थोरला. मान त्याचाच."

"नाय नाय," जयराम घाईने म्हणाला. "पोरानं एवढी मेहनत केली. माझा आपला हात लागला मागून."

दाराआड उभ्या असलेल्या वत्सलेला हसू आवरेना. कालची सारी रात्र तिने नवऱ्याला चिडवायला दिराची बाजू घेतली होती. 'ओंडका भावजींनीच आणला, हे नुसते मागनं चालत व्हते,' असं ती चार बायकांत म्हणाली होती. आता तीन वर्षं हा शब्द ऐकून ती पदर सावरत पुढे आली.

"मी काय म्हणते, भावजींनीच आणला ना? मी कालपास्नं तेच सांगते."

"वैनी!" राघो कळवळला. "काल ती माझी बाजू व्हती, आज ही फाशी झाली!"

हवालदारांनी पिशवीतून कागद काढून मांडीवर पसरला आणि भराभर काहीतरी खरडलं. मग राघोचा हात धरला. राघोचा अंगठा होळीच्या काजळीने आधीच काळा होता. शाईसुद्धा लागणार नव्हती.

"टेकव इथं."

राघोच्या डोळ्यांपुढे किन्हवलीचे व्याही उभे राहिले. चोरीचा डाग लागलेल्या घरात ते पोर देणार नव्हते. सुपारी परत आली असती, आणि सुपारीबरोबर ती मुलगीही गेली असती, जिला त्याने धसईच्या बाजारात एकदाच, वांग्यांच्या पाटीमागून पाहिलं होतं. पण सरकारी माणसाने हात धरला की अंगठा टेकवायचा, एवढंच त्याला माहीत होतं. काळा अंगठा कागदाकडे निघाला.

"अंगठा मागं घे रे, राघ्या."

आवाज पडवीतून आला. तोंडातलं मिशरीचं बोट काढत धोंडूबाई पुढे आली.

धोंडूबाई म्हणजे नानांची धाकटी बहीण. लहानपणीच कपाळ पांढरं होऊन माहेरी आलेली. तिसाच्या साली ती शहापूरच्या बायकांबरोबर जंगलात गवत कापायला गेली, बंदी मोडली म्हणून पकडली गेली आणि ठाण्याच्या तुरुंगात राहून आली. बाहेर लोकांनी तिला हार घातला. घरी अंबूबाईने तिला पडवीत वेगळी चूल मांडून दिली. तुरुंगात कोणाच्या हातचं खाल्लं, कोणाच्या पंगतीत बसली, देवालाच ठाऊक. अंबूबाई माळकरी. तिच्या चुलीपाशी आणि देवघरात धोंडूबाईला मज्जाव होता. दोघींत भांडण कधी झालं नाही, म्हणून ते कधी मिटलंही नाही.

"रामराम, हवालदार," धोंडूबाई म्हणाली. "आधी मला सांगा, फिर्यादीत नाव कोणाचं हाय?"

"नाव कोणाचं नाय. संशय हाय."

"आणि त्या कागदावर काय लिहिलंत?"

"याची जबानी. कबूल हाय म्हणतो."

"पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबानीवर सही-अंगठा घ्यायचाच नसतो. कायदाच तसा हाय. आणि पोलिसापुढं दिलेली कबुली कोर्टात धरत नाहीत."

"आत्याबाई, तुमी वकील कवा झालात?"

"शहापूरच्या कोर्टात आरोपी झाले तवा."

विठू मुकादम खुदकन हसला आणि लगेच खोकल्यासारखं करू लागला.

"दोघांनी माझ्या तोंडावर सांगितलंय," हवालदार चिडून म्हणाले. "सगळ्या वाडीनं ऐकलंय!"

"वाडीचं म्हणाल तर काल होळीपुढं समद्यांनीच बोंब मारली, 'ओंडका मी आणला' म्हणून. भिमीच्या आंधळ्या म्हाताऱ्यानं बी मारली. त्याला बी न्या. शिमगा हाय."

"मग यानं गप बसायचं, असंच ना?"

"बसला तर तो त्याचा हक्क हाय. खोटं मात्र बोलायचं नाय. पळायचं नाय, तुमच्या अंगावर यायचं नाय. नाव-गाव विचारा, तो सांगेल. न्यायचा तर न्या. मी मागोमाग मुरबाडला येते. पण चोवीस तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटपुढं उभा करायचा, आणि तिथं बोलायला त्याला वकील करता येतो. जामीनही मागता येतो. द्यायचा का नाय ते साहेब ठरवतील."

राघो आत्याकडे तोंड उघडं टाकून पाहत होता. ही तीच आत्या, जिच्या हातचं पाणी प्यायलाही आई त्याला लहानपणी हळूच नको म्हणे.

"पण आते," तो म्हणाला, "तू तर कोर्टात धडाधड कबूल केलंस म्हणतात. 'होय, कापलं गवत, परत कापीन!'"

"केलंच. मला तुरुंगात जायचंच व्हतं. तुला लग्नाला जायचंय."

जयराम कधी नव्हे तो हसला. हवालदारांनाही हसू येत होतं, पण वर्दीत असल्यामुळे ते त्यांनी मिशीत ठेवलं.

"आमच्या कोठडीत एक वकील आला व्हता," धोंडूबाई जरा हळू आवाजात म्हणाली. "त्यानं आमाला बसवून सगळं समजावलं. काय बोलावं लागतं, काय नाय. आमी म्हटलं, आमाला कबूलच करायचंय, मग हे कशाला? तो म्हणाला, बायांनो, जाणून कबूल करणं वेगळं आणि भिऊन कबूल करणं वेगळं."

विठू मुकादमाला मात्र मालकापुढे काहीतरी घेऊन जाणं भाग होतं. तो चाचरत म्हणाला, "ओंडक्याच्या बुंध्यावर आमच्या घणाचा शिक्का मारलेला असतो. बुंधा कधी पुरता जळत नाय. तो सापडला तर..."

"शिक्का तर अजून झकास दिसतोय!" राघो उत्साहाने उठला. "मी सकाळीच..."

"राघ्या!"

धोंडूबाईचा हा आवाज ठाण्याच्या तुरुंगातही कोणी ऐकला नसेल. राघो जागच्या जागी बसला.

"आता नीट ऐक. कबुली धरत नाहीत म्हटलं. पण तू बोट दाखवावं आणि तिथं वस्तू सापडावी, तर तेवढं बोलणं कोर्टात धरतात. तोंडाला आता कुलूप."

राघोने दोन्ही ओठ दातांखाली घेतले. त्याने बोलायचं थांबवलं, पण डोळे थांबेनात. ते पुन्हा पुन्हा परसदाराकडे जात होते. वत्सलेने ते पाहिलं आणि सहज उभी राहावी तशी ती परसदाराच्या वाटेत उभी राहिली.

हवालदार मुरलेले होते. त्यांनी कागद पिशवीत ठेवला आणि ते तुळशीकडे वळले.

तुळशीपुढे अंबूबाई माळ ओढत बसली होती. सकाळची माळ पुरी होईतो ती कोणाशी बोलत नसे, घर जळालं तरी. मघापासून सगळं तिच्या कानांवर पडत होतं. पण आज ओठांवरचं नाम आणि मनातला राघो यांची वाट एक होत नव्हती. मेरुमणी हाताला लागला. तिने माळ डोळ्यांना लावली.

"अंबूबाई," हवालदार आदराने म्हणाले, "ही पोरं बोलतील, फिरतील. तुमी माळकरी. तुमची जीभ खोटं बोलत नाय हे धसईच्या बाजारात कोणालाही विचारावं. मी तुमाला एकच विचारणार. ओंडका कोणी आणला?"

जयराम आणि राघो दोघेही पांढरे पडले. कायदा असेल नसेल, आई विचारलं की सांगणार. लहानपणी बोरं चोरली तेव्हाही तिनेच शेजारणीला जाऊन सांगितलं होतं.

अंबूबाई उठली. "चालत आलात. आधी पाय धुवा. पाणी आणते," एवढंच बोलून ती परसात गेली. धोंडूबाई तिच्या मागे गेली.

परसात न्हाणीपाशी तीन दगडांवर मोठा हंडा चढवला होता. होळीच्या विस्तवावर तापवलेल्या पाण्याने अंघोळ केली की वर्षभर दुखणं येत नाही. म्हणून अंबूबाई दर साली होळीतलं लाकूड आणून हंड्याखाली लावी. पहाटे राघोने आणून दिलेला बुंधा हंड्याखाली मजेत जळत होता. शिक्का अर्धा काळा झाला होता, अर्धा अजून दिसत होता.

दोघी पाहत उभ्या राहिल्या.

"वन्सं, आता?" अंबूबाई कुजबुजली.

"आता काय नाय. तू आत ढकलू नको, मी बी ढकलणार नाय. पुरावा मुद्दाम जाळणं हा निराळा गुन्हा."

"मग विझवू?"

"होळीचा विस्तव विझवशील?"

"नको गो बाई!"

मग दोघींनी हात पाठीमागे बांधले आणि बुंधा आपल्या गतीने जळू दिला.

"वन्सं, मला खोटं बोलता येणार नाय," अंबूबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि खरं बोलले तर माझाच पोर जाईल. एवढी व्रतं केली, त्यांतलं एक बी आज उपयोगी येत नाय."

"वैनी, मला एक सांग. ओढ्याची चढण उभी हाय. हे दोघं कितीही मोठ्या गप्पा मारोत, तो ओंडका दोघांनी वर चढणारा नव्हता. मी झोपले नव्हते त्या पहाटे."

अंबूबाईने मान खाली घातली.

"मी ओढ्यावर अंघोळीला गेले व्हते. बघते तर दोघं घामाघूम. ओंडका रुतलेला. दोघं एकमेकांना शिव्या देतायत, शिमग्याच्या नाय, खऱ्या. मग मी विहिरीचा दोर आणून दिला. ओंडक्याला हळदकुंकू लावलं. आणि..."

"आणि?"

"थोडासा खांदा लावला."

धोंडूबाईने तोंडावर पदर दाबला, पण तिचे खांदे गदगदा हलू लागले. "वैनी! म्हणजे तू बी चोर!"

"हसू नका गो!"

"हसू नको तर काय! ऐक. पोलीस चौकशीत साक्षीदाराला विचारतात ते त्यानं खरं सांगायचं असतं. पण ज्या उत्तरानं आपण सोता गुन्ह्यात सापडू, ते उत्तर द्यायला कोणी बांधलेलं नाय. खोटं बोलायचं नाय. फक्त तेवढं उत्तर द्यायचं नाय. तू रोज जेवताना मौन धरतेस, ते काय खोटं बोलणं असतं?"

अंबूबाईने नणंदेकडे पाहिलं. आठ वर्षांत इतक्या जवळून ती पहिल्यांदाच पाहत होती. धोंडूबाईच्या भुवया पांढऱ्या होऊ लागल्या होत्या.

हवालदार अंगणात आडव्या पडलेल्या ऐनाच्या लांब वाशावर बसले होते. राघोच्या लग्नाच्या मांडवासाठी जयरामने तो आपल्या बांधावरून तोडून आणला होता. वत्सलेने बादलीभर कढत पाणी त्यांच्या पायांशी ठेवलं.

"वा," पाय बुडवत हवालदार म्हणाले. "चांगलं कढत हाय."

"होळीच्या विस्तवावरचं हाय," अंबूबाई म्हणाली. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

"मग वर्षभर गुडघे दुखायचे नायत." त्यांनी डोळे मिटून घेतले. मग उघडले. "हं. सांगा आता."

अंबूबाई तुळशीकडे तोंड करून उभी राहिली. "हवालदार, मी खोटं बोलणार नाय. आणि या प्रश्नाचं उत्तर बी देणार नाय."

"का म्हणून?"

"उत्तर दिलं तर मी सोता गुन्ह्यात सापडेन. कायद्यानं तेवढी मुभा हाय."

जयरामच्या हातातली विडी पडली. राघोचे ओठ आपोआप दातांतून सुटले. वत्सला मात्र सासूकडे अशी पाहत राहिली, जणू लग्नानंतर आज तिला सासू पहिल्यांदाच दिसली.

"तुमी?" हवालदार बादलीतच उभे राहिले. "तुमी गुन्ह्यात?"

अंबूबाईने उत्तर दिलं नाही. मौन कसं धरायचं हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

हवालदारांनी ओल्या पायांनी घर पाहिलं. माळा, गोठा, कणगीमागची जागा. शेवटी ते न्हाणीपाशी आले. हंड्याखाली लालभडक निखारे होते आणि त्यांवर राखेची पांढरी साय धरली होती. त्यांनी निखाऱ्यांकडे पाहिलं. मग वाकून आपल्या स्वच्छ, गुलाबी पायांकडे पाहिलं. ते सावकाश सरळ झाले. मग त्यांची मिशी हलू लागली.

"विठू," ते म्हणाले, "फौजदारसाहेबांना काय सांगू? मुद्देमाल नाय, आरोपी बोलत नायत, आणि साक्षीदार बाई सोता आरोपी व्हायला बसलीय."

"सांगा, शिमगा व्हता," विठू म्हणाला.

"साहेबांनी बोलावणं पाठवलं तर यावं लागेल," हवालदार अंबूबाईला म्हणाले.

"येऊ. वकील घेऊन येऊ," धोंडूबाईने उत्तर दिलं.

वत्सलेने दोघांना पुरणपोळ्या बांधून दिल्या. विठूने जाताना दारात उभं राहून, रीत मोडू नये म्हणून, मालकाच्या वतीने तीन सणसणीत शिव्या दिल्या. सगळ्यांना बरं वाटलं.

ते वळणाआड गेले तसा राघो उडी मारून उठला. "सुटलो! आता नारळ मी..."

"बस खाली," अंबूबाई म्हणाली. आवाज नेहमीसारखाच मऊ होता, म्हणून तो बसला. "कायद्यानं गप बसू दिलं. देव गप बसू देतो का? त्या माणसाला आपली रीत ठाऊक नव्हती. त्याचं लाकूड गेलंच ना?"

"मग काय सांगून येऊ?" जयरामने विचारलं.

"सांगायचं काय नाय. हा वासा न्या आणि त्याच्या लाकडांत ठेवून या. दिवसाढवळ्या."

"आई, तो माझ्या मांडवाचा!" राघो म्हणाला.

"मांडव बांबूचा घालू. तुझा सासरा मांडव मोजायला येतोय का?"

दोघे भाऊ वाशाकडे पाहत राहिले. मग राघोने पुढचं टोक धरलं आणि लगेच सोडलं. "दादा, तू थोरला. तू पुढं हो."

"नको, तुलाच पुढं शोभतं."

"आणि वाटेत कोणी विचारलं, काय घेऊन चाललात?" धोंडूबाई पडवीतून ओरडली.

"आमी काय बोलणार नाय!" दोघे एका सुरात म्हणाले.

ते गेल्यावर अंबूबाईने देवघरातला नारळ आणला आणि धोंडूबाईच्या हातात दिला. "तुमी फोडा. आणि आत पाट मांडलाय, तिथं या."

धोंडूबाई उंबऱ्याशी थबकली. "वैनी, मी तुरुंगातलं खाल्लेली बाई."

"आणि मी चोर," अंबूबाई म्हणाली. "चोराच्या घरी तुमाला कसली आडकाठी? या."

त्या दुपारी दोघी आठ वर्षांत प्रथमच शेजारी शेजारी बसल्या. जेवताना दोघीही गप्प होत्या. अंबूबाईचं व्रत होतं, आणि धोंडूबाईच्या तोंडात पुरणपोळी होती.